पेन्चाक सिलाट : एकाच पाटीखाली किती वेगवेगळ्या विद्या?

सूतगिरणीवाला

‘आशियाई युद्धकला’ धाग्यावर कुणीतरी ‘पेन्चाक सिलाट म्हणजे इंडोनेशियाचं कराटे’ असं एका ओळीत उरकून टाकलंय. उत्तर टंकायला बसलो आणि प्रतिसाद हाताबाहेर गेला, म्हणून हा वेगळा धागा. मी मूळचा इचलकरंजीचा, नोकरीला पश्चिम जावात, पुर्वाकार्ताजवळ. हौस म्हणून गावातल्या आखाड्यात शिकतो, त्यामुळे जाणकारांनी जरूर भर घालावी.

आधी नावाचा घोळ निस्तरू. १८ मे १९४८ ला, डचांशी झगडा अजून मिटलेला नसताना, मध्य जावातल्या सोलो शहरात एक राष्ट्रीय संघटना निघाली. तिला इप्सी म्हणतात, वोंगसोनेगोरो तिचे पहिले अध्यक्ष. तोवर जावात ‘पेन्चाक’, सुमात्राकडे ‘सिलाट’, पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाउ मुलखात ‘सिलेक’, पश्चिम जावाच्या सुंदा भागात ‘पेंचा’ किंवा ‘माएनपो’ आणि जाकार्ताच्या बेतावी लोकांत ‘माएन पुकुलान’ अशी ज्याची त्याची नावं होती. ‘पेन्चाक सिलाट’ हे जोडनाव सरकारदरबारी पक्कं व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. एक पाटी लागली, पण आतली माणसं जिथल्या तिथेच राहिली.

दुसरा घोळ जास्त मोठा. इथे ‘अलिरान’ आणि ‘पर्गुरुआन’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अलिरान म्हणजे आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखं: चिमांदे, चिकालोंग, सिलेक तुओ. पर्गुरुआन म्हणजे नोंदणी झालेली संस्था, तिला शाखा, पट्टे, परीक्षा, अध्यक्ष सगळं असतं. एका घराण्यातून पाच-पन्नास संस्था निघतात आणि एक संस्था पाच घराण्यांचा माल घेऊन बसते. त्यामुळे ‘सिलाटचे प्रकार किती?’ या प्रश्नाला आकडा देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मग फरक ओळखायचा कसा? लाथा-बुक्क्यांची यादी करून नाही ओळखता येत. माणसाला हात दोन आणि पाय दोन, फिरवून फिरवून किती फिरवणार! मला पटलेली कसोटी अशी: नव्या शिष्याकडून गुरू पहिल्या वर्षात काय घोटून घेतो ते बघायचं.

चिमांदे घ्या. बोगोरच्या दक्षिणेला चिमांदे नावाचं गावच आहे, अठराव्या शतकातले आबाह काहिर हे मूळपुरुष. इथे पहिलं वर्ष जातं कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावर. दोघं जमिनीवर समोरासमोर बसतात. हो, बसून! पाय हलवायचे नाहीत म्हणजे पळवाटच बंद. एकानं मारायचं, दुसऱ्यानं हातानंच ते बाजूला काढायचं, मग पाळी बदलायची. या क्रमाला ‘केलिद’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात हात जांभळे होतात. सराव संपला की ‘बालुर’ नावाचं काळपट तेल हातावर रगडतात, त्याचा वास कपड्यांतून जाता जात नाही. केलिद हाडात मुरल्यावर मग उभं राहून, कोयत्यासकट, पुढचं ‘पेपेदांगान’. शिवाय प्रवेशाच्या वेळी ‘तालेक’ नावाची शपथ घ्यावी लागते, त्यात मारामारीपेक्षा आईवडिलांना दुखवू नको, खोटं बोलू नको हेच जास्त.

आता तिथून फार लांब नाही अशा चियांजुरला या. रादेन हाजी इब्राहिम (१८१६–१९०६) हे चिकालोंगचे प्रवर्तक. ते आधी चिमांदेच शिकले, मग बेतावी मुलखातल्या बांग मादी आणि बांग कारी यांच्याकडे गेले आणि या सगळ्याचं त्यांनी स्वतःचं काहीतरी केलं. इथे हाड बडवणं नाही. हाताला हात टेकवून उभं राहायचं आणि समोरच्याचा जोर कुठे चाललाय ते कातडीनं ओळखायचं. त्याला ‘रासा’ म्हणतात. नवखा माणूस जोर लावतो आणि कसं ते न कळता खाली बसतो. मी बसलोय. इब्राहिम खानदानी होते, ‘रादेन’ ही पदवीच तशी, आणि चिकालोंग बराच काळ सरदार-दरकदारांच्या घरांतच फिरत राहिलं. चिमांदे शेतकऱ्यांत पसरलं. हा वर्गाचा भेद पुस्तकी वर्णनांत सहसा येत नाही, पण बघताना जाणवतो. चियांजुरचे लोक आपल्या गावाच्या तीन गोष्टी सांगतात: ङाओस म्हणजे कुराणपठण, मामाओस म्हणजे गाणं आणि माएनपो. हातघाईची विद्या गाण्याच्या पंगतीत बसवलीय, यातच आलं सगळं.

तिसरं साहबंदर. याचे मूळपुरुष मामा कोसिम (‘मामा’ ही तिथली आदराची पदवी, नातं नव्हे) मुळात पश्चिम सुमात्रातल्या पागारुयुंगचे, जावात येऊन राहिलेले. यात समोरच्याच्या जोराला वाट करून द्यायची आणि अंग वळवून त्यालाच खर्चात पाडायचं.

सुंदा भागात आणखी एक, संगीत. कंदांग पेंचा म्हणजे ढोलकीसारख्या कंदांगांची जोडी, सनईच्या जातीचा तारोंपेत आणि एक लटकता गोंग. तेपाक दुआ, तेपाक तिलू, पालेरेदान असे ठरलेले ठेके असतात आणि शेवटी ‘पादुंगदुंग’ सुरू झालं की खेळणारा सुटतोच. वादक खेळणाऱ्याच्या पायाकडे बघत असतो. ठोसा आणि थाप एकाच क्षणी पडली की प्रेक्षकांतून आवाज येतो.

आता समुद्र ओलांडून मिनांगकाबाउ. इथे पहिल्या वर्षी हात बाजूला ठेवा, पाय बघा. आधी उभं राहणं, मग ‘लांगकाह’ म्हणजे पावलं. तीन पावलांची पद्धत, चार पावलांची पद्धत, यावरून शैली ओळखतात. सरावाची जागा ‘सासारान’, बहुतेक वेळा उघड्यावर, आणि वेळ रात्रीची. सिलेक तुओ, कुमांगो, लिंताउ, सितारालाक, हारिमाउ अशी बरीच नावं आहेत. आपल्याकडच्या यूट्यूबप्रेमींना फक्त हारिमाउ म्हणजे वाघाची शैली माहीत असते, कारण त्यात माणूस जमिनीलगत सरपटतो आणि ते कॅमेऱ्यात छान दिसतं.

बेतावी, जावा आणि बाली राहिलेच. ज्याला माहिती आहे त्यानं लिहा, नाहीतर मी सवडीनं लिहीन.

---

गवतीचहा

वा, झकास. वाचतेय. बसून मारामारी ही कल्पनाच भारी आहे.

---

भूगोलमास्तर

उत्तम धागा. एक शंका. मी वाचलं होतं की सुमात्राची जमीन निसरडी, चिखलाची, म्हणून तिथली शैली खाली बसून. जावात जमीन सपाट, म्हणून उभ्यानं. तुम्ही भूगोलाचा मुद्दा घेतलाच नाही.

---

सूतगिरणीवाला

@भूगोलमास्तर, मुद्दाम नाही घेतला. ऐकायला फार गोड आहे हो हा सिद्धांत, पण टिकत नाही. बोगोरला इथले लोक ‘पावसाचं शहर’ म्हणतात. चिमांदे त्याच्या कुशीत. तिथे चिखल काय कमी असतो? आणि त्याच निसरड्या मिनांग मुलखात सिलेक तुओ बऱ्यापैकी ताठ उभ्यानं खेळतात. मामा कोसिम सुमात्रातून जावात आले, तर त्यांनी जमीन नव्हती ना आणली बरोबर. घराणी माणसांबरोबर फिरली.

---

भूगोलमास्तर

अगदीच निकालात काढू नका. जमिनीचा परिणाम शून्य असं म्हणणंही टोकाचंच. पण पटलं, एकट्या चिखलावर घराणं उभं राहत नाही.

---

पाडांगची_सून

माझं सासर मिनांग मुलखातल्या पाडांगचं, त्यामुळे थोडी भर.

सिलेक समजायचं तर आधी मिनांग घर समजावं लागतं. घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. जुन्या रीतीप्रमाणे वयात येऊ लागलेल्या मुलाला घरात झोपायची जागाच नसायची, तो रात्री ‘सुराउ’मध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, इतर मुलांबरोबर राहायचा. संध्याकाळी कुराण, रात्री सिलेक. शिकवणारा बहुतेक वेळा मामा. मग मोठं झाल्यावर ‘मेरांताउ’, गाव सोडून परमुलखात नशीब काढायला जायचं. सिलेक ही त्या प्रवासाची शिदोरी. म्हणून त्यात आक्रमण कमी आणि सुटका जास्त आहे, असं माझे सासरे म्हणतात. त्यांच्याकडे एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: सिलेकचं बाहेरचं अंग मित्र शोधतं, आतलं अंग देव शोधतं.

आणि ‘रांदाई’ राहिलं. हे त्यांचं लोकनाट्य. नट गोल रिंगणात सिलेकच्या पावलांनी फिरतात आणि मधेच सगळे मिळून आपल्या ढगळ विजारीवर दोन पायांच्या मध्ये थाप मारतात. कापड ताणलेलं असतं, आवाज असा निघतो की लहान मूल दचकून रडतं (माझंच रडलं). पडणं, झेलणं, वळणं सगळं सिलेकमधून आलेलं. आता सुराउत झोपणारी मुलं उरली नाहीत, पण रांदाईमुळे पावलं तरी शिल्लक आहेत.

---

कुस्तीगीर_नाही

माहिती छान, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहतोय. मी बरीच वर्षं ज्यूदो केलंय. यातल्या बऱ्याच गोष्टी मला नाच वाटतात. ढोलकी वाजतेय म्हणून ठोसा मारायचा, याला लढाई कसं म्हणायचं? रिंगणात उतरलं की घराणी-बिराणी गळून पडतात.

---

मैदानी

@कुस्तीगीर_नाही, अर्धं बरोबर. मी गोव्यात मुलांना हा खेळ शिकवते, स्पर्धेचा भाग मला माहीत आहे. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत पेन्चाक सिलाट पहिल्यांदा घेतला गेला, तेव्हापासून पालकांचे फोन वाढलेत.

लढतीला ‘तांदिंग’ म्हणतात. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. ठोशाला १, लाथेला २, पाडलं तर ३ गुण. मारायचं फक्त धडावर, त्यावर जाड कवच. तोंड आणि मान वर्ज्य. आता विचार करा, या नियमांत कुठलं घराणं टिकेल? चिमांदेवाल्याचा सगळा डाव समोरच्याचा हात फोडण्यावर, त्याला गुण नाही. चिकालोंगवाला हात टेकवून ‘रासा’ घेत बसला तर पंच म्हणतील हालचाल करा. हारिमाउवाला खाली बसला तर वरून लाथ. म्हणून सगळ्या देशांची मुलं शेवटी तेच करतात: बाजूची लाथ, लाथ पकडून झाडणं, कात्रीनं पाडणं. घराणी गळून पडतात ती लढाई खरी असते म्हणून नाही हो, नियमावली एकच असते म्हणून.

दुसरा भाग ‘तुंगाल’. एकट्यानं ३ मिनिटांत १०० हालचाली, आधी रिकाम्या हातानं, मग गोलोक म्हणजे कोयता, मग तोया म्हणजे काठी. क्रम ठरलेला, जगात सगळीकडे तोच. वेगवेगळ्या घराण्यांचं वेचून बसवलंय, गुण देता यावेत म्हणून. माझी मुलं तो सुंदर करतात आणि त्यातलं कुठलं वळण कुठल्या गावचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मलाही या धाग्यातूनच कळतंय!

---

कुस्तीगीर_नाही

हे पटलं. म्हणजे माझं ज्यूदोपण तसंच झालंय म्हणा. नियम बदलले आणि पाय धरणं बंद झालं.

---

सूतगिरणीवाला

@मैदानी, फार महत्त्वाचं लिहिलंत. पूर्वी तर अंगावर जाण्याआधी पवित्रा आणि पावलांची नक्षी दाखवायला लागायची. खेळाला ‘सिलाटपण’ राहावं म्हणून नियमच केला होता. घराण्यात जे आपोआप येतं ते पंचाच्या शिट्टीनं आणायचं. इथले जुने गुरू यावर गालात हसतात.

संघटनेनं चार अंगं मानलीयत: मनाचं आणि श्रद्धेचं अंग, स्वसंरक्षण, कला आणि खेळ. त्यातल्या खेळाला पदकं मिळतात म्हणून पैसा तिकडे जातो. २०१८ च्या जाकार्ता-पालेंबांग एशियाडमध्ये १६ पैकी १४ सुवर्णपदकं इंडोनेशियानं नेली, उरलेली २ व्हिएतनामनं.

---

राजकारण_रोजचं

अवांतर: त्याच एशियाडमध्ये हानिफान कुसुमा नावाच्या खेळाडूनं सुवर्ण जिंकल्यावर राष्ट्राध्यक्ष जोकोवी आणि त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी प्राबोवो या दोघांना एकाच झेंड्यात गुंडाळून मिठी मारली होती. प्राबोवो तिथे कसे? तर ते तेव्हा इप्सीचे अध्यक्ष! पुढच्या वर्षी निवडणुकीत दोघं समोरासमोर, मग प्राबोवो त्यांच्याच मंत्रिमंडळात, आणि २०२४ ला स्वतः राष्ट्राध्यक्ष. याला म्हणतात समोरच्याच्या जोराला वाट करून देणं.

---

गवतीचहा

:)) साहबंदर घराणं!

---

सुराबायाकर

जावाबद्दल मी लिहितो. पूर्व जावात बरीच वर्षं कारखान्यात काढलीत.

इथे घराण्यापेक्षा संस्था मोठ्या. आणि संस्था म्हणजे सभासद म्हणू नका, भाऊबंद म्हणा. मूळ ‘सेतिया हाती’. एयांग सुरो यांनी १९०३ मध्ये सुराबायात सुरुवात केली, १९१७ ला मादियुनला ते नाव घेतलं. हा माणूस सुंदा मुलूख, बेतावी, पाडांग सगळीकडे फिरून शिकलेला, त्यामुळे त्यांच्या विद्येत हे सगळे तुकडे आहेत. त्यांचे शिष्य की हाजार हार्जो उतोमो यांनी १९२२ मध्ये मादियुनलाच वेगळी शाखा काढली, तीच आजची सेतिया हाती तराते. ते डचांच्या तुरुंगातही जाऊन आले होते. आज तरातेचे सभासद लाखांनी आहेत, माझ्या खात्यातला प्रत्येक दुसरा फिटर तरातेचा.

सूतगिरणीवाल्यांची कसोटी इथे लावली तर पहिल्या वर्षी काय घोटतात? दम. जोर-बैठका, धावणं, रात्रीबेरात्री सराव. मारापेक्षा भाऊपणा जास्त घोटतात. पक्का सभासद करून घेण्याचा विधी जावानी ‘सुरो’ महिन्यात, म्हणजे मोहरममध्ये, रात्री होतो. कोंबडा, विड्याची पानं, केळी आणि ‘मोरी’ म्हणजे पांढरं कोरं कापड. ते कफनाचंच कापड, पुढे तोच कमरेला पट्टा.

याची दुसरी बाजूही लिहायला हवी. तराते आणि विनोंगो या एकाच गुरूच्या दोन वंशांतल्या पोरांच्या मारामाऱ्या पूर्व जावात नेहमीच्या आहेत. सुरो महिन्यात मादियुनच्या वाटेवर पोलीस उभे असतात, घोळक्यानं मोटरसायकली आल्या की अडवतात, आमच्या पाळीचे कामगार उशिरा पोचतात. गावोगावी चौकात आपापल्या संस्थेचे खांब उभारायची चढाओढ होती, ते दंगलींचं निमित्त ठरायचं. शेवटी २०२३ मध्ये प्रांताच्या प्रशासनानं ते काढायला लावले. आणि मादियुन जिल्हा स्वतःला ‘पेसिलाटांचं’ म्हणजे सिलाट खेळणाऱ्यांचं गाव म्हणवतो, हा विनोद वेगळाच.

---

पाडांगची_सून

@सुराबायाकर, हे वाचून वाईट वाटलं. दोघांच्या चाली एकसारख्याच असतील ना?

---

सुराबायाकर

मला तरी फरक दिसत नाही. त्यांना मात्र शर्टाचा रंग लांबून दिसतो.

बाकी जावातल्या संस्था थोडक्यात. तापाक सुची, १९६३, योग्याकार्ता, मुहम्मदिया चळवळीची. पागार नुसा, १९८६, नहदलातुल उलामाची, कदिरीजवळच्या लिरबोयो मदरशातून निघालेली. दोन मोठ्या धार्मिक संघटना, दोघींच्या दोन सिलाट संस्था. आणि पेरिसाई दिरी, १९५५, सुराबाया. पाक दिर्जो यांनी पाराकानमधल्या याप की सान या चिनी गुरूकडे शिकून, आधी जावाभर जमवलेल्या विद्येशी त्याची सांगड घातली. त्यांच्याकडे पहिल्यापासून ‘सरांग हिंदार’ म्हणजे जोडीनं मारा-चुकवा. चुकवणं आधी, मारणं नंतर. मला स्वतःला ही संस्था सगळ्यांत शहाणी वाटते, पण मी सुराबायाचाच, तेव्हा सोडून द्या.

---

चमत्कार_सिद्ध_करा

योग्याकार्ताच्या ‘मर्पाती पुतिह’बद्दल कुणीच का बोलत नाही? श्वासानं लोखंड तोडतात, डोळ्यांवर पट्टी बांधून सायकल चालवतात वगैरे. हे युद्धकलेत बसतं की बुवाबाजीत?

---

सूतगिरणीवाला

वाट बघत होतो कोण काढतंय!

मर्पाती पुतिह मातारामच्या राजघराण्यात राखलेली विद्या असं सांगतात. २ एप्रिल १९६३ ला पुर्वोतो आणि बुदी सांतोसो हादिपुर्नोमो या भावांनी ती सर्वांसाठी खुली केली. कसोटी लावली तर पहिल्या वर्षी श्वास. पोट आवळून, श्वास कोंडून, अंग ताठ करून सावकाश हालचाली. बाकी कुठल्याच घराण्यात श्वासाला इतकं वर बसवलेलं मी पाहिलं नाही.

आता तोडण्याचं. परीक्षेत तोडतात काय, तर काँक्रीटच्या लाद्या, कानस आणि हातपंपाचा लोखंडी दांडा. मी यंत्रांत हात घालणारा माणूस, म्हणून सांगतो: तिन्ही वस्तू ठिसूळ. कानस इतकी कडक केलेली असते की वाकतच नाही, मोडते. हापशाचा दांडा ओतीव लोखंडाचा, तोही तसाच. साधी मऊ सळई ठेवली तर ती वाकेल आणि हात मोडेल. म्हणजे चमत्कार नाही. पण सोपंही नाही, दोन टोकांवर टेकवलेल्या त्या दांड्यावर तळहाताच्या कडेनं पूर्ण जोर घालायला जी तयारी लागते ती त्या श्वासाच्या तालमीतूनच येते. मी कानसेवर हात आपटणार नाही, एवढं नक्की.

---

चमत्कार_सिद्ध_करा

उत्तर आवडलं. डोळ्यांवर पट्टीचं काय?

---

सूतगिरणीवाला

त्याला ते ‘गतारान’ म्हणतात, वस्तूंची कंपनं जाणवतात असा दावा. ज्याची पट्टी तुमच्या हातची असेल, वस्तू तुम्ही मांडल्या असतील आणि त्याला आधी खोली दिसली नसेल, त्याच्याबद्दल बोलू. तोवर माझा हात खाली.

---

जाकार्ता_मेट्रो

बेतावी कुणीच घेतलं नाही, म्हणून दोन ओळी. बेतावी म्हणजे जुन्या बटावियाचे, म्हणजे डच काळातल्या जाकार्ताचे, मिश्र वस्तीतले लोक, त्यामुळे त्यांच्या पुकुलानमध्ये चिनी अंश उघड दिसतो. बेक्सीचे मूळपुरुषच ली चेंग होक, तांगेरांगकडचे. जवळून, कोपरं आणि उलट्या मुठी, पाऊल दाणकन आपटून. चिंगक्रिक रावा बेलोंगचं. की माइंग यांची काठी माकडानं पळवली, ते परत मिळवताना माकडाच्या उड्या बघून त्यांनी ही शैली बसवली, अशी गोष्ट सांगतात.

सगळ्यांत मजा ‘पालांग पिंतू’ची. नवरदेव वऱ्हाड घेऊन येतो, बरोबर मगरीच्या आकाराचा पाव, आणि मुलीकडचे पैलवान दारात वाट अडवतात. आधी दोन्हीकडून पांतुन म्हणजे यमक जुळवलेल्या टोमण्यांची फैर, मग दोघा पैलवानांची झटापट, मग कुराणातलं पठण म्हणून दाखवायचं. अर्थात मुलीकडचा हरतो, ते ठरलेलंच. आमच्या गल्लीतल्या लग्नात मुलीकडचे काका हरायलाच तयार नव्हते, नवऱ्याची आई खुर्चीवरून उठून आली तेव्हा पडले.

सिनेमातला इको उवाइस बेतावी परंपरेतला, तिगा बेरांताई या शाळेचा. २००९ च्या पहिल्या सिनेमात त्याला मिनांग तरुण करायचा होता, त्यासाठी वेगळं हारिमाउ शिकावं लागलं. म्हणजे त्यांनाही ‘सिलाट येतं’ एवढ्यावर भागलं नाही.

---

गवतीचहा

माकडावरून आठवलं. चिमांदेचीही अशीच गोष्ट आहे ना? आबाह काहिर यांची बायको नदीवर गेली होती, तिनं वाघ आणि माकडाची झुंज पाहिली, घरी येऊन नवऱ्याला करून दाखवली. मला एक कळत नाही, पाहिली तिनं, लक्षात ठेवली तिनं, करून दाखवली तिनं, आणि मूळपुरुष ते?

---

पाडांगची_सून

+१००

---

सूतगिरणीवाला

@गवतीचहा, हा प्रश्न मी आमच्या गुरूंना विचारला. ते म्हणाले, म्हणूनच चिमांदेचा माणूस बायकोशी वाद घालत नाही. गुरूबाईंनी आतून काहीतरी सुनावलं, ते सुंदा भाषेत होतं.

---

मलाक्काफेम

मलेशियातून नमस्कार. सिलाट एकट्या इंडोनेशियाचं नाही, एवढं नोंदवतो. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोनं एकाच बैठकीत दोन वेगळ्या नोंदी केल्या, ‘पेन्चाक सिलाटच्या परंपरा’ इंडोनेशियाच्या नावे आणि ‘सिलाट’ मलेशियाच्या नावे. दोन्हीकडच्या लोकांनी फेसबुकवर एकमेकांना जे ऐकवलं ते कुठल्याच घराण्यात शिकवत नाहीत.

---

संपादक मंडळ

मालकीच्या वादासाठी वेगळा धागा काढावा, इथे नको.

---

नारळफोड्या

बालीचं मी बघितलंय ते लिहितो. तेंगानान गावात ‘मकारे-कारे’. सिलाट नाही म्हणा, पण झुंज आहेच. उघड्या अंगानं दोघं, एका हातात केवड्याच्या जातीच्या काटेरी पानांची जुडी, दुसऱ्या हातात वेताची ढाल. एकमेकांच्या पाठीवर ती जुडी ओढतात. इंद्रासाठी करतात. झुंज काही क्षणांचीच, मग दोघं हसत बाजूला आणि हळदीचा लेप पाठीवर. याला घराणं कुठलं?

---

सूतगिरणीवाला

याला घराणं नाही, गाव आहे. तसंच लोंबोकचं पेरेसेआन, वेताची छडी आणि म्हशीच्या कातड्याची ढाल. फ्लोरेसमध्ये मांगाराई लोकांचं चाबकाचं चाची. हे विधी आहेत, यात गुरूकडून क्रमानं शिकायचं काही नसतं, गावातला पोरगा बघून बघून शिकतो. बालीत सिलाटची संस्था वेगळी आहे, बाक्ती नगारा, १९५५ ची, देनपासारची.

---

भूगोलमास्तर

डिसेंबरात कुटुंबासह जाकार्ता-बांडुंग करतोय. यातलं प्रत्यक्ष काय बघता येईल?

---

सूतगिरणीवाला

जाकार्तात दक्षिणेला सेतू बाबाकान नावाचं बेतावी वसाहतीचं सांस्कृतिक गाव आहे, तिथे पालांग पिंतू दाखवतात. तामान मिनीच्या आवारात सिलाटचं राष्ट्रीय केंद्र आहे, स्पर्धा असली तर नशीब. बोगोरकडून जाताना चिमांदेला वाकडी वाट करा. तिथले खरे सोहळे मावलूद म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या महिन्यात असतात, त्यामुळे डिसेंबरात गर्दी नसेल. चियांजुर वाटेतच आहे, तिथे माएनपो दाखवा म्हणालात तर आधी भात वाढतील.

आणि हो, चिमांदेला हातपाय सांभाळून जा असं सांगणार होतो, पण त्याची गरज नाही. हाडं बसवण्यासाठी ते गाव जावाभर प्रसिद्ध आहे. तिथे येणारे निम्मे लोक प्लास्टर कापून आलेले असतात.